तुझी जंगी अक्षरं

मिलिंद, शुक्रवारी दुपारी तुझ्याच हॉलमध्ये उभं राहून मी तुझ्या नावाचं बॅनर फाडलं. आधी हातांनी ओढून पाहिलं. असलं चिवट असतं ते की फाटेना, मग स्वयंपाकघरातून कात्री आणली. अश्विनी सोफ्यावर बसून नुसती बघत होती. तुमच्या मराठी मंडळाचे शिरीष, ज्यांनी बिचाऱ्यांनी ते छापून आणलं होतं, "डॉक्टर, अहो डॉक्टर" करत मागे सरकले आणि चपलांच्या रॅकला धडकले. तू असतास तर बायकोच्या पाठीमागे लपून हसला असतास. पण तू असतास तर बॅनर कशाला लागलं असतं?

आदल्या दिवशी आम्ही तुला अग्नी दिला होता. अग्नी म्हणजे पडदा आणि बटण. बेटावरच्या त्या क्रेमेटोरियममधून हार्बरच्या पलीकडे रिंगास्किडीच्या कारखान्यांची धुराडी दिसतात. सई म्हणाली, "आत्या, दॅट्स बाबाज प्लँट देअर." मी हो म्हटलं. चौदा वर्षांच्या पोरीला दुसरं काय म्हणणार?

तुला मारलं, मिलिंद. हे एवढं साधं वाक्य तुझ्या घरात कुणी म्हणत नव्हतं. शेजारी म्हणाले, झालं ते फार वाईट झालं. प्लँटच्या मेलमध्ये 'दुःखद घटना' होती. तपासाला आलेल्या गार्डा, म्हणजे इथल्या पोलीस बाई, भल्या होत्या, अश्विनीशी खालच्या आवाजात बोलत होत्या, पण त्यांच्याही तोंडी 'इन्सिडेंट'. सांगलीहून मावशीचा फोन आला, तिला कुणीतरी सांगितलं होतं की तू शिडीवरून पडलास. मला दुसरं काही नको होतं. कुणीतरी ते मोठ्याने म्हणावं, एवढंच हवं होतं. मी एकटी म्हणत होते, आणि माझ्या तोंडचं कुणी मनावर घेत नाही. ताईच्या नाकावर राग असतो, हे तूच सगळीकडे सांगून ठेवलेलं.

मी लेटरकेनीला इमर्जन्सीत काम करते. दर शनिवारी फुटलेली डोकी बघते. पडलेलं डोकं आणि मारलेलं डोकं मला वेगळं कळतं. पडलेल्या माणसाला एका बाजूला लागतं. तुला सगळीकडून लागलं होतं.

शनिवारची संध्याकाळ होती, उन्हाळ्यातली, म्हणजे लख्ख उजेड. आठवडाभर प्लँटमध्ये औषधांच्या लेबलावरची मुंगीएवढी अक्षरं तपासायची आणि शनिवारी हातभर उंचीची अक्षरं रंगवायची, हा तुझा नेम. आपल्या घरात अंडंसुद्धा गॅलरीत नेऊन खायचास, आणि रंगवत होतास नोरीनच्या मटणाच्या दुकानाची पाटी. गावातले चौघं तरुण आले. आधी शिव्या, मग शिडीला लाथ. खाली आलास तेव्हा शुद्धीवर होतास. नोरीनने काचेतून ऐकलं, तू म्हणालास, "इझी, लॅड्स." मग लाथा घातल्या. मग त्यातल्या एकाने तुझाच रंगाचा डबा उचलला. नुकता उघडलेला, भरलेला डबा जड असतो. त्याने तो एकदाच मारला नाही.

नोरीन सत्तरीची बाई आहे. ती हाडं तोडायचा सुरा घेऊन बाहेर आली आणि एकाच्या पाठीत तिने सुऱ्याची मूठ घातली. तो तिथेच गुडघ्यावर आला, त्याच्यावरून बाकीचे सापडले. मला ती म्हणाली, "युवर मॅन वॉज ओन्ली पेंटिंग, डॉक्टर. ही वॉज ओन्ली पेंटिंग." आणि मग म्हणाली की आपण मूठ का मारली, पातं का नाही, हे आता आयुष्यभर डोक्यात राहणार. मी तिला मिठी मारली. त्या आठवड्यात मला पटेल असं बोलणारी ती एकच बाई भेटली.

मी देश उभा चिरत कॉर्कला पोचले तेव्हा तू यंत्रावर होतास. नर्स तुझ्या बोटांवरचा लाल रंग रक्त समजून पुसत होती, तो निघत नव्हता. मी म्हटलं, राहू द्या, ते एनॅमल आहे. मग कानामागचं जे मी रंग समजून नखाने खरवडलं, ते रक्त होतं. यंत्र बंद करण्याबद्दल तिथले डॉक्टर माझ्याशी आमच्या डॉक्टरी भाषेत बोलायला लागले, आकडे, स्कॅन. मी म्हटलं, आज बहिणीशी बोलतोय तसं बोला. ते थांबले, आणि तसंच बोलले. त्यांचे आभार मानायचे राहिले.

तुझ्या माझ्यात मारामारी मात्र पहिल्यापासून होती, आणि तीही अक्षरांवरून. सांगलीला आपल्या घरासमोरच्या विजेच्या खांबावर कुस्त्यांच्या जंगी मैदानाची पोस्टरं लागायची. खांब अरुंद, आणि त्यावर पैलवानांची नावं, गावं, तालमी, सगळं मावायला हवं, आणि धावत्या एसटीतूनही वाचता यायला हवं. म्हणून ती अक्षरं उंच, जाड, अरुंद, खांद्याला खांदा भिडवून उभी. लाल आणि काळी. तू लोट्याने पाणी मारून खळ भिजवायचास आणि पोस्टर अख्खं सोलून आणायचास. आईला वाटायचं पोरगा पैलवान होणार. तुला कुस्तीतलं ओ की ठो कळत नव्हतं. तू गादीखाली पोस्टरं साठवत होतास, आणि एकदा भांडणात मी त्यातलं एक टराटरा फाडलं. तू माझ्या मनगटाला असा चावलास की टाका घालावा लागला. तो वण बघून इथल्या एका पेशंटने मला विचारलं होतं, कुत्रं चावलं का म्हणून. मी हो म्हटलं होतं.

आणि शाळेच्या नळावर तुझी चड्डी ओढणाऱ्या त्या पोराला मी धरून बुकललं होतं, तेव्हा तू रडत मलाच ओढत होतास, ताई सोड, ताई सोड. त्या दिवसापासून आपली वाटणी ठरली. राग माझ्याकडे, हसू तुझ्याकडे.

मग तू इथे आलास आणि एका पबच्या भिंतीवर जुन्या बॉक्सिंगच्या सामन्याचं पोस्टर काचेत लावलेलं पाहिलंस. तिथूनच फोन केलास, मागे सगळा गोंगाट. "ताई, आपल्या खांबावरचे पैलवान इथे पबात येऊन बसलेत." तीच उंच, अरुंद, भिडलेली अक्षरं, फक्त रोमन. त्या फोननंतर किती वर्षं तू तो टाइपफेस काढत बसलास. देवनागरी आणि रोमन, एकाच हाडापेराचे. नाव ठेवलंस 'जंगी'. नोरीन 'जँगी' म्हणते आणि तुला ते फार आवडायचं.

माझ्या घरी आलास की जेवणाच्या टेबलावर कागद पसरून शिकवणी. मला कळो न कळो. "ताई, लोक काय करतात, रुंद अक्षर घेतात आणि कॉम्प्युटरवर दोन्ही बाजूंनी दाबतात. मग उभ्या रेघा वाळतात आणि शिरोरेषा तशीच जाड राहते. तापातून उठलेल्या माणसाच्या डोक्यावर हंडा दिल्यासारखं दिसतं ते. अरुंद अक्षर मुळात अरुंद काढावं लागतं. काना जाड ठेवायचा, पोटातली जागा वाचवायची. आणि तरी मावत नसेल तर शब्द कमी करायचे. अक्षर दाबायचं नाही." रागावून बोलताना मी तुला फक्त याच विषयावर पाहिलं. एका उपाहारगृहाची दाबलेली पाटी बघून तू जेवायला आत यायला नकार दिलास आणि आम्ही सगळे उपाशी गाडीत बसून राहिलो होतो.

मी लेटरकेनीला आले त्या पहिल्या हिवाळ्यात एकटी होते, घटस्फोट नुकता झालेला, घराच्या बाहेर पडायचं तर गाडी हवी आणि मला गाडी चालवायची भीती. तू रजा टाकून आलास. समोरच्या रिकाम्या मैदानात मला क्लच शिकवलास, माझ्या शिव्या खाल्ल्यास, आणि जाताना माझ्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर हातभर अक्षरांत 'चहा' रंगवून गेलास, कारण मला म्हणे माझ्याच घरात चहा सापडत नव्हता. घरमालक चिडला. मी त्याला म्हटलं, हात लावून तर बघा. मिलिंद, मी या देशात टिकले ती तुझ्यामुळे. हे मी तुला कधी म्हटलं नाही. आपल्यात तसं म्हणायची पद्धत नव्हती. आता म्हणते.

पण एक भांडण तू अर्धवट टाकून गेलास आणि त्याबद्दल मी तुला सोडणार नाही. वसंतात त्याच रस्त्यावर पोरांनी तुझ्यावर अंडी फेकली होती. शिडी धरून हलवली होती. गो होम म्हणाले होते. तू मला हे फोनवर हसत हसत सांगितलंस, अंड्याने पिवळा रंग कसा मस्त खुलला वगैरे. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता गार्डांकडे जा. तू म्हणालास, "अगं, लहान आहेत. इट्स ग्रँड, ताई." शिडी हलवतात आणि ग्रँड? तुझ्या तोंडात तो शब्द इतका बसला होता की पाऊस ग्रँड, दातदुखी ग्रँड, तुझं रंगवणं ग्रँड आणि कुणी तुला खाली पाडायला आला तरी ग्रँड. मी ओरडले. तू विषय बदललास, 'झ' अजून रुंद वाटतोय म्हणालास. मिलिंद, मी त्या फोनवर अजून भांडतेय. ते लहान नव्हते. तुझा चांगुलपणा तुला नडला असं मी म्हणणार नाही, तुला त्यांच्या लाथा नडल्या. पण तू एकदा तरी रागवायला हवं होतंस रे. सगळा राग माझ्याकडे ठेवून गेलास, आता मी एकटीने तो कुठे कुठे नेऊ?

तर बॅनर. शनिवारी तुझ्यासाठी गावातून चालायचं ठरलं होतं, हार्बरपासून नोरीनच्या दुकानापर्यंत. शिरीष शुक्रवारी दुपारी बॅनर घेऊन आले, हॉलभर पसरलं. इंग्रजीत लांबलचक वाक्य. मिलिंद यांच्या दुःखद निधनानंतर आम्ही शांतता, सलोखा, विविधता आणि परस्परांबद्दलचा आदर यांसाठी एकत्र चालत आहोत. टाइपफेस तुझा. जंगी. आणि तो दाबलेला. उभ्या रेघा वाळलेल्या, आडव्या सुजलेल्या. मला अक्षरातलं काही कळत नाही, पण हे कळलं, इतकं तू माझं डोकं खाल्लेलं होतंस.

"हे कुणी दाबलं?" मी विचारलं.

"अॅक्च्युअली डॉक्टर, सेंटेन्स लांब होतं ना, फिट होत नव्हतं. मग जस्ट विड्थ थोडी कमी केली. फॉन्ट मिलिंदचाच आहे हं, मुद्दाम तोच घेतला, ट्रिब्यूट म्हणून."

"आणि दुःखद निधन? आजारी होता का तो?"

शिरीष अश्विनीकडे बघत म्हणाले, "केस चालू आहे ना. 'किल्ड' लिहिलं तर लीगल इश्यू होऊ शकतो. आणि कसं आहे, शेवटी आपण गेस्ट आहोत इथे. लोक इतका सपोर्ट करतायत. टोन जरा..."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुझ्यावर जीव असलेल्या, शिकल्यासवरलेल्या, रोज शंभर गोष्टी मोजूनमापून करणाऱ्या इंजिनिअर माणसाला एक शब्द गाळण्यापेक्षा तुझी अक्षरं चेपणं सोपं वाटलं. लांब, गोड, कुणाला न दुखावणारं वाक्य शाबूत राहावं म्हणून. मी कात्री घातली. शांतता कापली, सलोखा कापला, आदर कापला. निधन शब्दाचे तर तुकडे केले. शिरीषना मी काय काय बोलले ते लिहीत नाही.

"ताई, बसा," अश्विनी म्हणाली. मी बसले नाही.

"तुम्ही रविवारी लेटरकेनीला जाल," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "मला सोमवारी सईला शाळेत सोडायचंय. त्या चौघांपैकी एकाची बहीण सईच्या वर्गात आहे. त्याची आई मला दुकानात भेटते. तुमचा राग खरा आहे, ताई. पण तो तुमच्याबरोबर गाडीत बसून परत जाईल. मी इथे राहणार आहे."

ती म्हणते ते बरोबर होतं, आणि मला ते बरोबर असलेलं चालत नव्हतं.

"मग काय लिहायचं? काहीच नाही?"

"मिलिंद," ती म्हणाली. "नुसतं मिलिंद. मोठं. दाबायचं नाही."

"मारलं म्हणून नाही लिहायचं?"

"मी नाही लिहिणार."

सईने तुझ्या लॅपटॉपवर ते जुळवलं. वर देवनागरी, खाली रोमन. तिने दोन अक्षरांमधली जागा तुझ्यासारखी डोळे बारीक करून तपासली. आणि शिरीष, ज्यांना मी नको नको ते बोलले होते, ते उठले, पेन ड्राइव्ह घेऊन पुन्हा छापायला गेले. शनिवारी सकाळी बॅनर घेऊन दारात उभे. फाटलेल्याबद्दल एक शब्द काढला नाही. मी त्यांची माफी मागितली. "इट्स ग्रँड, डॉक्टर," ते म्हणाले. मी दात आवळून चहा दिला.

चालायला खूप माणसं आली. प्लँटमधली, हॉस्पिटलातल्या नर्सेस, तू ज्यांच्या पाट्या रंगवल्यास ते दुकानदार, सईच्या शाळेतले. बॅनर एका बाजूने शिरीषनी धरलं, दुसऱ्या बाजूने नोरीनने. तुझं नाव रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचता येत होतं. भरल्या छातीची, ताठ अक्षरं. मला अभिमान वाटला. नाव होतं. तुझं काय केलं, ते कुठेच नव्हतं. लोक टोप्या काढत होते, मान खाली घालत होते, आणि मला वाटत होतं, हेही ग्रँड होऊन जाणार. सोमवारपर्यंत तू शिडीवरून पडलेला असशील.

नोरीनच्या दुकानापाशी सगळे थांबले आणि आपोआप रांग झाली. इथली रीत आहे ती. घरच्या माणसांसमोरून एकेकाने यायचं, हात हातात घ्यायचा, "सॉरी फॉर युवर ट्रबल" म्हणायचं आणि पुढे सरकायचं. बोलणं वाढवायचं नाही. आधी अश्विनी, मग सई, मग मी. किती तरी हात आले. मला ती रीत आवडायला लागली होती, खरं सांगते.

मग सईने माझा दंड गच्च धरला. "आत्या," ती कुजबुजली, "दॅट्स हिज मॅम."

चौघांपैकी ज्याची बहीण सईच्या वर्गात, त्याची आई. निळं जाकीट घातलेली, माझ्याच वयाची बाई. रांगेत तिच्या पुढे मागे जागा मोकळी झाली होती. सगळं गाव तिला ओळखत होतं आणि कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. माझे हात शिवशिवायला लागले. तिने काही केलेलं नाही, हे मला कळत होतं. तरी मला तिच्या तोंडात द्यायची होती. मी एक पाऊल पुढे टाकलंसुद्धा.

ती अश्विनीपुढे आली. हात पुढे केला. अश्विनीने तो घेतला.

"सॉरी फॉर युवर ट्रबल," ती बाई म्हणाली आणि रीतीप्रमाणे पुढे सरकायला निघाली. अश्विनीने हात सोडला नाही.

"व्हॉट ट्रबल?" अश्विनीने विचारलं.

त्या बाईला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. अश्विनीने दुसरा हातही तिच्या हातावर ठेवला. तिच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती. "टेल मी. व्हॉट इज माय ट्रबल?"

रांग थांबली. बाईने हात ओढून पाहिला. अश्विनी हलली नाही, रडली नाही, आवाजही वाढवला नाही. ती नुसती वाट बघत उभी राहिली. बाईने बॅनरकडे पाहिलं, मग सईकडे पाहिलं.

"माय सन किल्ड युवर हजबंड," ती म्हणाली. आणि मग, मागच्या माणसांनाही ऐकू जाईल अशा आवाजात, पुन्हा म्हणाली, "ही किल्ड हिम. ही वॉज ओन्ली पेंटिंग द साइन अँड माय सन किल्ड हिम."

अश्विनीने तिचा हात सोडला. बाई पुढे सरकली, सईसमोर थांबली नाही, माझ्यासमोर थांबली नाही, सरळ रस्त्याने एकटी चालत गेली. कुणी तिला अडवलं नाही आणि कुणी तिच्याबरोबर गेलं नाही. माझी मूठ तशीच आवळलेली होती आणि तिचं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

अश्विनी माझ्याकडे वळली.

"ऐकलंत ना, ताई?"

ऐकलं रे, मिलिंद. मी ऐकलं, सईने ऐकलं, अख्ख्या रांगेने ऐकलं.